दहा बंदांची बाराबंदी

मराठी भाषेत 'बेत' आणि 'बेतणे' हे दोन शब्द इतके शेजारीशेजारी का राहतात, याचा उलगडा मला शिवणाच्या यंत्रावर बसू लागल्यावर झाला. कापड अंथरून, त्यावर खडूच्या रेघा मारून, अंगाच्या मापाने ते कापायची आखणी करणे म्हणजे बेतणे. आणि मनातल्या मनात उद्याच्या सुखाची आखणी करणे म्हणजे बेत. दोन्हींतली गोडी एकच. कापड अजून अखंड असते, खडूची रेघ पुसता येते, आणि जे व्हायचे आहे ते डोळ्यांपुढे अगदी सुरेख उभे राहिलेले असते. त्या घटकेला आपल्याइतका कुशल शिंपी त्रिभुवनात नाही, अशी आपली खात्री असते. पुढे कातर चालते, यंत्राची टीप पडते, चार दिवस बरे जातात. आणि मग केव्हा तरी ते अर्धे वस्त्र घडी होऊन पिशवीत जाते, पिशवी ट्रंकेत जाते आणि ट्रंक पलंगाखाली जाते. आपल्या पूर्वजांनी अशा माणसांसाठी 'आरंभशूर' असा एक शब्द करून ठेवला आहे. शब्दात निदान शौर्य आहे, एवढेच समाधान!

मी मराठीचा प्राध्यापक. दिवसा वर्गात संतवाङ्मय शिकवतो आणि रात्री जेवणे आटोपली की यंत्रावरचे झाकण काढतो. प्राध्यापक माणसाने पेटी वाजवावी, चित्रे काढावीत, फार तर कविता कराव्यात. पण बाह्या जोडाव्यात हे आमच्या दादरच्या इमारतीत अजून कुणाला नीटसे पचलेले नाही. रात्री दहानंतर माझे यंत्र खडखडू लागले की वरच्या मजल्यावरून कुणी तरी जमिनीवर दोनदा ठोकते. तो माझा 'वन्समोअर' नव्हे, हे मला माहीत आहे.

या हौसेची सुरुवात झाली ती कॉलेजच्या नाट्यमंडळामुळे. मुलांनी एक शिवकालीन एकांकिका बसवली होती. भाड्याने आणलेले कपडे अंगावर चढले, आणि माझे मावळे दुसऱ्याच कुणा मावळ्यांच्या कपड्यांत शिरल्यासारखे दिसू लागले. एकाच्या बाहीतून हात बाहेर येईना, तर दुसऱ्याच्या गळ्यातून अख्खा मावळा बाहेर यायची वेळ आली. तेव्हा मी म्हटले, आपणच का शिवू नयेत? सुई-दोरा मला परका नव्हता. माझे लहानपण शिवणाच्या यंत्राच्या आवाजातच गेले होते; त्याविषयी पुढे सांगतो.

या हौसेला मुंबईसारखे दुसरे शहर नाही. सुती कापड पाहिजे तर मंगळदास मार्केटात जावे. जर, गोट, लेस, बटणे पाहिजेत तर भुलेश्वरच्या गल्लीत शिरावे आणि बाहेर कुठून पडायचे ते दैवावर सोडावे. घराजवळ काम भागवायचे तर आमचे हिंदमाता आहेच. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाण्यातून साडीची पिशवी डोक्यावर धरून येणारी माणसे मी पाहिली आहेत. या तिन्ही ठिकाणी हिंडताना काय काय बेत होतात म्हणून सांगू! हे हिरवे पाहिले की पेशवाईतला अंगरखा सुचतो, ते लाल पाहिले की शिवलेली नऊवारी सुचते. कापड घ्यायला पाच मिनिटे लागतात. कापडाचे वस्त्र व्हायला मात्र कधी पाच वर्षेही लागतात.

माझ्या ट्रंकेतला मानाचा गणपती म्हणजे एक बाराबंदी. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसतो, म्हणून सांगतो. बाराबंदी म्हणजे पुढून एकावर एक येणाऱ्या दोन पाख्यांचा, बटणांऐवजी बारा बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा. बारा बंद म्हणजे गाठींच्या सहा जोड्या. हा एकेक बंद करणे हे चिकाटीची परीक्षा पाहणारे काम आहे. कापडाची अरुंद पट्टी कापायची, ती उलटी दुमडून लांबीने टीप मारायची, मग एका टोकाला सेफ्टी पिन अडकवून ती पिन त्या बोळकांडीतून सरकवत सरकवत पट्टी सुलटी करायची. मध्येच पिन उघडते, बोटाला टोचते, पट्टी आत गोळा होऊन बसते. असे दहा बंद झाले आणि माझी बाराबंदी पलंगाखाली गेली. आमच्या घरात तिला 'दहाबंदी' म्हणू लागले. पत्नीचे म्हणणे एवढेच की, "अहो, त्या मावळ्यांचं नंतर बघा, आधी तुमच्या शर्टाचं तुटलेलं बटण तेवढं लावून घ्या."

दहा बंद करणाराला अकरावा का करता येत नाही, या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. आळस हे त्याचे उत्तर नव्हे. आळशी माणूस भुलेश्वरला जातच नाही. खरी गोम शिवणकामाच्या रचनेतच आहे. या कामातला आनंद सगळा अलीकडच्या टोकाला असतो आणि कंटाळा सगळा पलीकडच्या. कापड निवडणे, बेतणे, कापणे, पाठ-पोट जोडणे ही कामे भराभर होतात आणि होताना दिसतात. संध्याकाळी चार तुकडे असतात आणि रात्री सदरा उभा राहतो. त्यानंतर येते ती बाही. बाहीचा वरचा घेर बगलेच्या घेरापेक्षा थोडा जास्त ठेवावा लागतो, नाही तर हात वर होत नाही; आणि ते जास्तीचे कापड एकही चुणी पडू न देता आत जिरवावे लागते. इथे पहिल्यांदा उसवणे नशिबी येते. उसवून झाले की मन खचते. आणि बाहीतून पार पडलात की पुढे हेम, काज, हूक, बटणे! हाताने एक काज नीट करायला मला वीस मिनिटे लागतात, आणि वीस मिनिटांनंतर सदरा होता तसाच दिसतो. काम होते पण दिसत नाही, असा हा प्रांत आहे. इथेच सगळे आरंभशूर धारातीर्थी पडतात.

शिवाय आणखी एक सूक्ष्म कारण आहे. जोवर वस्त्र अपुरे आहे तोवर ते मनातल्या वस्त्राइतकेच सुंदर असते. शेवटचा टाका पडला की ते जे आहे तेच राहते. खांद्यात किंचित ओढलेले, खाली एका बाजूला अर्धा बोट उतरलेले. ट्रंकेतल्या बाराबंदीला कुणी नावे ठेवू शकत नाही. अपुरेपणा ही हौशी माणसाची कवचकुंडले आहेत.

भर्तृहरीने नीतिशतकात माणसांचे तीन वर्ग केले आहेत आणि वामन पंडितांमुळे ते मराठी माणसाच्याही ओळखीचे झाले आहेत. विघ्नांच्या भीतीने सुरुवातच न करणारे, सुरुवात करून विघ्न येताच थांबणारे, आणि कितीही विघ्ने आली तरी हाती घेतलेले न सोडणारे. वर्गात हे शिकवताना मला नेहमी वाटते, की शिवणारा हौशी माणूस यांतल्या कुठल्याच वर्गात बसत नाही. त्याच्यापुढे विघ्न आलेलेच नसते. यंत्र ठीक असते, दोरा असतो, वेळही सापडतो; फक्त ते वस्त्र आज पुरे झाले नाही तर कुणाचे काही बिघडत नाही. आपण म्हणतो, हौसेला मोल नसते. खरे आहे. पण हौसेला मोल नसते तशी मुदतही नसते, आणि सगळे अडते ते तिथे.

मुदत म्हणजे काय, हे मी लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाहिले आहे. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी रांगत होतो. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही; गिरणगावाच्या हातून अर्धवट राहिलेले सर्वांत मोठे काम तेच म्हणायचे. गिरण्यांचे भोंगे थांबले आणि घराघरांतून बायका उभ्या राहिल्या. कुणी खानावळी चालवल्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी उभे केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ गिरणगावात होतेच. कुणी भाजी विकली. माझ्या आईने जुने, पायाने चालवायचे यंत्र हप्त्याने घेतले आणि खोलीच्या दारात मांडले. वडील कापड विणायचे ते थांबले आणि आई कापड शिवू लागली.

आईच्या हातून अर्धे राहिलेले काम मी पाहिले नाही. तिचे कौशल्य मोठे होते, पण कारण कौशल्य हे नव्हते. प्रत्येक ब्लाउजला एक अंग होते आणि एक तारीख होती. हा शेजारच्या वहिनींचा, त्यांच्या भाचीची हळद गुरुवारी आहे. हा तळमजल्यावरच्या काकूंचा, त्यांना सोमवारी गावची एसटी धरायची आहे. चतुर्थीच्या आदल्या रात्री तर खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. पहाटे तीन वाजता माझी झोप चाळवायची तेव्हा आई काज करत असायची. काज करताना तिला कंटाळा येत होता का? मी एकदा विचारले, तर म्हणाली, "येतो की! पण गिऱ्हाइकाला माझ्या कंटाळ्याचं काय?" प्रेरणा, उत्साह, चिकाटी या विषयांवर हल्ली जाडजूड पुस्तके निघतात. त्यांतल्या कुठल्याही पुस्तकात याहून जास्त काही असेल असे मला वाटत नाही.

परंतु यावरून पोटासाठी केले तरच काम तडीला जाते, असा सिद्धांत कुणी काढील तर तो मला मान्य नाही. आणि त्याला माझा साक्षीदार हे आमचे गिरणगाव-गिरगावच आहे. हौशी रंगभूमी हा शब्दच पाहा. परळचे दामोदर नाट्यगृह सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली उभे केले आणि २०२३ सालाच्या अखेरीस ते पुनर्बांधणीसाठी बंद झाले. त्या शंभर वर्षांत किती पाळ्या करून आलेल्या कामगारांनी तिथे तोंडाला रंग लावला असेल! कोकणातली गावमंडळे तिथे नमन करीत, नाटके करीत. सगळी हौस, पदरचे पैसे घालून केलेली. पण त्या हौसेला एक युक्ती ठाऊक होती. आधी थिएटरची तारीख घ्यायची, पैसे भरायचे, तिकिटे गावकीत वाटायची, आणि मग तालमीला बसायचे. एकदा तिसरी घंटा कोणत्या दिवशी होणार हे ठरले की राजाचा अंगरखा त्या दिवशी तयार असतो. त्याचे अस्तर कधी कच्च्या टाक्यावर असते, कमरपट्टा पुठ्ठ्याचा असतो. पण तयार असतो. तिसरी घंटा 'अजून दोन बंद राहिलेत' हे ऐकून घेत नाही.

गणपतीचेही तसेच. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आहे. तेव्हापासून चाळीचाळींतून मुलांच्या नाटुकल्यांचे मुकुट, शेले आणि पिसारे निघतात ते याच जोरावर. गणपती पुढच्या आठवड्यात ढकलता येत नाही. लालबाग-परळच्या चित्रशाळांत अलीकडे मूर्तीला खऱ्या कापडाचे धोतर, शेला आणि फेटा नेसवण्याची पद्धत वाढली आहे. चतुर्थीच्या आधीच्या रात्री तिथे जाऊन पाहा. निऱ्यांवर निऱ्या बसवीत, काठ जुळवीत मुले-मुली उभ्या असतात. त्यांच्यातल्या कितीकांनी एरवी शर्टाचे बटण लावले नसेल!

याच गोष्टीचा सर्वांत भव्य दाखला मला एका मराठी बाईंच्या कामात सापडतो. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर मिळाले; ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे २०१२ साली त्यांनी ती बाहुली नीट जपली जावी म्हणून अकादमीच्याच स्वाधीन केली, आणि २०२० साली त्या गेल्या. त्या चित्रपटातल्या अंत्ययात्रेचे चित्रण दिल्लीत ३१ जानेवारी १९८१ रोजी झाले. खऱ्या अंत्ययात्रेला त्या दिवशी तेहतीस वर्षे पुरी होत होती. तीन लाखांहून अधिक माणसे त्या दृश्यात होती असे सांगतात. असा दिवस पुन्हा येत नाही. कपडेपटात त्या आदल्या रात्री कुणाला उत्साह होता की नव्हता, हा प्रश्नच कुणी कुणाला विचारला नसेल.

तेव्हा मीही माझी हौस थोडी शिस्तीला लावली. पहिला नियम केला तो असा, की आधी अंग, मग कापड. कुणासाठी शिवायचे ते ठरल्याशिवाय मंगळदास मार्केटची पायरी चढायची नाही. दुसरा नियम, तारीख आपण ठरवायची नाही. आपण ठरवलेली तारीख आपल्यालाच घाबरत असते. ती लग्नाची, प्रयोगाची, नाही तर पाडव्याच्या शोभायात्रेची असावी. गेल्या पाडव्याला माझ्या पुतणीला गिरगावच्या शोभायात्रेत फेटा बांधून मोटारसायकलवर बसायचे होते आणि त्यासाठी शिवलेली नऊवारी हवी होती. नऊ वारांचे कापड कापून त्याचे दोन पाय करायचे, पुढच्या निऱ्या कायमच्या बसवायच्या, कासोट्याचा काठ पाठीमागे बरोबर मध्यावर आणायचा, आणि एवढे करून पदर मोकळा ठेवायचा. काम किचकट, पण पाडवा ठरलेला होता आणि पुतणी रोज विचारीत होती, "काका, कुठपर्यंत आलं?" हे तिचे विचारणे निम्मे काम करते. एरवी आपल्या कामाची चौकशी कोण करतो!

बाकीच्या युक्त्या आईच्या आहेत. यंत्रावरून उठताना ती पुढच्या कामाच्या सुईत दोरा ओवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी बसताना पहिली अडचण दूर झालेली असते, आणि ओवलेली सुई पाहिली की हात आपोआप पुढे जातो. कच्च्या टाक्यावर असतानाच ती कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून पाहायची. आरशापुढे उभ्या राहिलेल्या त्या बाईचा चेहरा खुलला की आईलाही उरलेल्या कामाचा हुरूप येई. हेम आणि काज ती कधी एकटीने करीत नसे. दुपारी गॅलरीत उजेडाला बसून, शेजारणींशी बोलत बोलत करी. कंटाळवाणे काम सोबतीने करावे आणि अवघड काम एकांतात, हे तिचे सूत्र. आणि जे होणार नाही ते ओळखावे. माझ्या ट्रंकेतल्या पिशव्यांवर मी चिठ्ठ्या लावल्या. कुणासाठी आणि केव्हा. दोन पिशव्यांवर काय लिहावे ते सुचेना. त्यांतले कापड आईच्या सांगण्यावरून गोधडीला दिले. ते आता पांघरले जाते, आणि पलंगाखाली असताना मनाला जे ओझे होते ते अंगावर घेतल्यावर अगदी हलके वाटते.

बाराबंदीचे काय झाले? ती एका विद्यार्थ्याच्या अंगावर गेली. स्पर्धेच्या दिवशी दुसरी घंटा झाली तेव्हा शेवटचा बंद लटकत होता. तो मी विंगेत त्याच्या अंगावरच शिवला. अंगावरचा कपडा शिवताना तोंडात काडी धरावी, असे आई सांगते. काडी कुठली मिळायला! त्याने तोंडात माझा खडू धरला आणि तसाच शेवटच्या क्षणी थुंकून रंगमंचावर धावला. बंद तुटला नाही. एकांकिकेला बक्षीस मिळाले नाही, हा भाग वेगळा.

इतके सगळे शहाणपण गाठी बांधल्यावर मला वाटले होते, की अर्धवट राहिलेल्या कामाविषयी आपल्याला आता सारे समजले. मग गेल्या श्रावणात हूक शोधण्यासाठी मी आईचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उपसला. हूक, टिचबटणे, बोथट झालेल्या सुया यांच्या खाली एक खण होता. घडीवर विटलेला, पण काठ अजून लखलखीत. उलगडला तर तो खण नव्हता. कापलेला ब्लाउज होता. पाठ-पोट कच्च्या टाक्यांनी जोडलेले, बाह्या तशाच सुट्या.

"हा कुणाचा गं?" मी विचारले.

"माझाच."

"केव्हाचा?"

"तू दहावी झालास त्या वर्षीचा. चाळीच्या गणपतीत तुझा सत्कार होता ना, तेव्हा घालायला कापला होता."

"मग?"

"मग काय? गणपतीचे दिवस. गिऱ्हाईक दारात उभं असताना स्वतःचं कोण शिवत बसतं?"

ती हे अगदी सहज म्हणाली आणि डाळ निवडू लागली. मला मात्र तो सत्कार आठवला. व्यासपीठासमोर पहिल्या रांगेत बसलेली आई, तिचा अंगभर घेतलेला पदर. तो पदर तसा का घेतला होता, हे मला त्या दिवशी कळले. तिच्या जुन्या ब्लाउजला हूक नव्हते, पिना होत्या. साऱ्या चाळीला हूक लावणाऱ्या बाईच्या!

माझा हिशेब तिथे चुकीचा नव्हता, पण अर्धा होता. माझ्या ट्रंकेतली कामे अडली, कारण त्यांची कुणीच वाट पाहत नव्हते. आईचे हे एक काम अडले, कारण इतर सगळेच वाट पाहत होते. तारखा सगळ्यांना होत्या. तिच्या वाट्याला तारीख उरली नव्हती. घरोघरी असे एखादे वस्त्र निघेल. निवडून ठेवलेले, बेतलेले, आणि मग मुलांच्या परीक्षा, सासूचे आजारपण, दिराचे लग्न यांच्याखाली दबत दबत डब्याच्या तळाशी गेलेले. त्याला आरंभशूरपणा म्हणायची कुणाची छाती आहे?

यंदा भाद्रपदात आमच्या लालबागच्या चाळीतला शेवटचा गणपती होता. चाळ पाडून तिथे उंच इमारत व्हायची आहे. जुन्या भाडेकरूंना सगळ्यांना बोलावणे होते. मी आईला म्हटले, "हा ब्लाउज घालून जायचं." ती म्हणाली, "आता कशाला? माझे डोळे चालत नाहीत, हात थरथरतो." मी म्हटले, "तू शिवायचा नाहीस. तू गिऱ्हाईक." यावर तिला उत्तर सुचले नाही. गिऱ्हाईक होण्याची तिला सवय नव्हती.

माप घेतले तेव्हा कळले की आई फार वाळली आहे. इतकी वर्षे एका घरात राहून हे टेप लावल्यावर कळते. शिंपी लोक शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला 'माया' म्हणतात. अंग भरले तर पुढे उसवून सैल करता यावे, म्हणून ती ठेवायची. आईने त्या वेळी दोन्ही बाजूंना चांगली दीड-दीड इंच माया सोडली होती. आपण अजून भरू, असा तिचा अंदाज असावा. आता मला उलटे करायचे होते. टीप खूप आत घ्यायची होती. तशी घेतली म्हणजे आत उरलेले कापड कापून टाकायचे असते, नाही तर काखेत जाड लागते. मी कातर हातात घेतली आणि पुन्हा ठेवली.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा हूक लागला. आईने ब्लाउज हातात घेतला आणि सवयीप्रमाणे प्रथम उलटा केला. कपड्याची परीक्षा आतून करायची, हे तिने मला शिकवले आहे. डोळ्यांनी नीट दिसत नव्हते, म्हणून ती शिवणीवरून बोट फिरवीत गेली.

"माया ठेवलीस तशीच," ती म्हणाली. "कापायला हवी होती."

"कापून देऊ?"

"राहू दे."

दुसऱ्या दिवशी चाळीच्या जिन्यात तिला जुन्या शेजारणींनी गराडा घातला. आईने पदर नेहमीसारखा अंगभर घेतला नव्हता. तळमजल्यावरच्या काकू आता ऐंशीच्या घरात आहेत; नजर मात्र शाबूत. त्यांनी आईच्या बाहीचा काठ चिमटीत धरून पाहिला आणि विचारले, "खण जुना दिसतो, पण बसलाय छान. कुणाकडे टाकलात शिवायला?"

"आहे एक शिंपी," आई म्हणाली. "दिलेल्या तारखेला देतो."